पेडण्यापासून काणकोणापर्यंतचं वायफाय : सिस्को ९८००-एल, दोन पावसाळ्यांनंतर

मी गोव्यातल्या एका हॉटेल ग्रुपचं आयटी सांभाळतो. पाच हॉटेलं आहेत, मोरजी, कळंगुट, पणजीत फोंताइन्हासमधलं एक जुनं घर, कोलवा आणि पार खाली पाळोळे, शिवाय मडगावला स्टोअर आणि अकाउंट्सचं ऑफिस. सगळे मिळून १३६ एपी (ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारे डबे). मोरजीहून पाळोळ्याला पोचायचं म्हणजे अख्खा गोवा उभा कापायचा, मडगाव सोडल्यावर करमळचा घाट ओलांडायचा आणि घाटात एखादा ट्रक आडवा झाला तर गाडी बंद करून तिथेच बसायचं. हे आधी सांगतोय कारण या सगळ्या एपींना सांभाळणाऱ्या बॉक्सच्या, म्हणजे कंट्रोलरच्या, अपग्रेडचं प्लॅनिंग आम्ही करायला घेतलं तेव्हा आमच्या डोक्यात सगळा विचार त्या दोन बॉक्सचा होता, रस्त्याचा आणि इंटरनेटच्या लाईनचा नव्हता, आणि पहिला फटका तिथेच बसला.

आधी जुनं काय होतं ते सांगतो. पणजीच्या ऑफिसात सिस्कोचा एक ५५०८ कंट्रोलर आणि मडगावला एक २५०४. दोन्हींचा सपोर्ट २०२३ मध्ये संपला आणि दोन्हींना ८.५ च्या पुढचं सॉफ्टवेअर येतच नाही. त्याहून वाईट गोष्ट म्हणजे २५०४ फक्त ७५ एपी घेतो. आमचे १३६. म्हणजे पणजी बसली की मडगाव निम्म्याहून थोडे जास्त एपी घेणार आणि बाकीचे दारात उभे. इतकी वर्षं आम्ही त्याला बॅकअप म्हणत होतो आणि कोणी बेरीज करून बघितली नव्हती. तुमच्याकडे दोन ठिकाणी दोन कंट्रोलर असतील तर आज एवढं एकच करा, दुसरा एकटा सगळे एपी पेलतो का ते बघा.

नवीन म्हणून आम्ही दोन ९८००-एल घेतले, एक पणजीला, एक मडगावला. हा या मालिकेतला फिजिकल बॉक्समधला लहान भाऊ, २५० एपी आणि ५,००० क्लायंट, परफॉर्मन्स लायसन्स टाकलं की ५०० आणि १०,०००. आमच्यासाठी २५० पुरेसे, कारण कुठलाही एक बॉक्स एकटा १३६ घेऊन वर जागा उरते. कॉपर पोर्टवाला आणि फायबर पोर्टवाला असे दोन प्रकार येतात, ऑर्डर देताना तुमच्या कोअर स्विचवर काय मोकळं आहे ते बघून द्या. व्हर्च्युअल ९८००-सीएल पण आहे, तो स्वतःच्या सर्व्हरवर चालतो, पण मडगावच्या ऑफिसात सर्व्हर ठेवण्यासारखी एसी खोली नाही म्हणून आम्ही बॉक्सच घेतले.

कोणी विचारेल की दोन्ही एकाच ठिकाणी ठेवून एसएसओ जोडी का नाही केली. केली असती तर एक बॉक्स गेल्यावर दुसरा क्लायंटला कळू न देता उभा राहतो हे खरं, आणि इसूने, म्हणजे वायफाय बंद न करता, अपग्रेड पण होतो. पण त्यासाठी दोघांमध्ये रिडन्डन्सीची वेगळी लिंक लागते आणि दोघं शेजारी शेजारी ठेवले की पणजीची लाईन तुटली तर दोघंही एकदमच जातात. आमचा त्रास बॉक्स जळण्याचा कधीच नव्हता, आमचा त्रास लाईन जाण्याचा. म्हणून एन प्लस वन, म्हणजे प्रत्येक एपीला सांगायचं की तुझा पहिला पणजी आणि दुसरा मडगाव, आणि पहिला गप्प झाला की त्याने स्वतः दुसऱ्याकडे जायचं. याला दोन्ही ठिकाणी एकच लोकल नेटवर्क (लेयर टू) ताणायची गरज नाही, दोन्हीकडे वेगळं सबनेट चालतं.

आता मुहूर्ताची गोष्ट. हॉटेलवाल्यांना ऑक्टोबर ते मार्च हात लावू देत नाहीत, डिसेंबरात तर मी स्विचचं कव्हर उघडलं तरी मॅनेजरसाहेब मागे येऊन उभे राहतात. एप्रिल मे मध्ये शाळांच्या सुट्ट्या, फॅमिली गर्दी. म्हणजे उरला पावसाळा, जून ते सप्टेंबर, खोल्या अर्ध्या रिकाम्या, मालक खूश की आता काम उरकून घ्या. आणि नेमका त्याच काळात गोव्यात वीज जाते, झाडं पडतात, फायबर तुटतो. ज्या महिन्यांत डाउनटाइम मिळतो त्याच महिन्यांत लाईनचा भरवसा नसतो. हा पेच गोव्यातल्या प्रत्येक हॉटेलच्या आयटीवाल्याला आहे आणि माझ्या मते सगळं प्लॅनिंग इथून सुरू व्हायला पाहिजे.

गेल्या पावसाळ्यात जुने काढून नवे लावले, ते तसं सुरळीत झालं. तेव्हा आम्ही १७.३ या व्हर्जनवर राहिलो कारण आमच्याकडे बरेच २७०२ एपी होते, ते १७.३ ला चालतात, मधल्या व्हर्जनमधून त्यांचा सपोर्ट काढला होता आणि १७.९.३ पासून परत दिला. कळंगुटचे काही २६०२ मात्र ९८०० ला चालतच नाहीत, ते काढावेच लागले. म्हणून खरेदीच्या आधी एपीची यादी करा, मॉडेलसकट, आणि ती यादी ज्या व्हर्जनला जायचंय त्याच्या सपोर्ट यादीशी लावून बघा, कंट्रोलर आल्यावर नाही. आणि वय पण लिहा. एपीमध्ये कारखान्यातून आलेलं सर्टिफिकेट असतं, जुन्या मॉडेलमध्ये त्याची मुदत साधारण १० वर्षं, ती संपली की एपी कंट्रोलरला लागत नाही, कंट्रोलरवर त्यासाठीची सवलत चालू करावी लागते. आमच्याकडे असे अकरा निघाले, आधीच यादीत सापडले म्हणून निभावलं.

लांबलांबच्या साइट असण्याचा एक फायदा पण आहे आणि तो कोणी बोलत नाही. पाळोळ्यातला माणूस मोबाईल हातात धरून चालत मोरजीला जात नाही. म्हणजे जुन्या आणि नव्या कंट्रोलरमध्ये रोमिंग (चालता चालता एका एपीवरून दुसऱ्यावर जाणं) जुळवायची डोकेदुखी आपल्याला नाही, ५५०८ वर त्यासाठी वेगळी आयआरसीएम इमेज (सॉफ्टवेअरची फाइल) टाकावी लागते आणि २५०४ ला तर ते जमतच नाही, आम्ही ते सगळं सोडून दिलं. एक हॉटेल एका दिवशी पूर्ण हलवायचं, एवढाच नियम. एकाच हॉटेलात अर्धे एपी जुन्यावर आणि अर्धे नव्यावर अशी खिचडी अजिबात करू नका, पहिल्या मजल्यावरून रिसेप्शनला येईपर्यंत गेस्टचा कॉल तुटतो आणि मग तुम्ही दोन दिवस अँटेना तपासत बसता.

हलवताना एपीवर प्रायमरी कंट्रोलरचं नाव आणि आयपी टाकायचा, नाव अक्षरन्‌अक्षर तेच, कॅपिटल स्मॉलसकट. नवीन एपीसाठी डीएचसीपीत (आयपी वाटणाऱ्या सेवेत) ऑप्शन ४३, म्हणजे कंट्रोलरचा पत्ता, त्यात आधी एफ१, मग लांबी, एक कंट्रोलर असेल तर ०४ आणि दोन असतील तर ०८, मग आयपी हेक्समध्ये. कोलव्याला कोणीतरी दोन आयपी टाकून लांबी ०४ च ठेवली होती, अर्धा तास गेला. फायरवॉलला यूडीपी ५२४६ आणि ५२४७ कॅपवॅपसाठी, म्हणजे एपी आणि कंट्रोलरच्या बोलण्यासाठी, आणि दोन कंट्रोलरच्या आपसातल्या टनेलसाठी १६६६६ आणि १६६६७. हे पोर्ट सगळ्या ठिकाणी आदल्या आठवड्यात तपासून घ्या, रात्री तीन वाजता फायरवॉलवाला फोन उचलत नाही.

आता यंदाच्या जुलैची गोष्ट, ज्यासाठी मुळात लिहायला बसलो.

१७.३ वरून १७.९ ला जायचं होतं. आम्ही ठरवलं, एका वेळी एकच कंट्रोलर, या आठवड्यात पणजी, सगळं ठीक दिसलं तर पुढच्या आठवड्यात मडगाव. ऐकायला एकदम शहाणपणाचं वाटतं ना? मीच मांडलं होतं, सगळ्यांनी मान डोलावली. मंगळवारी रात्री पणजीचा बॉक्स नव्या व्हर्जनवर गेला, एपी परत लागले, पहाटे साडेचारला मी घरी येऊन झोपलो. गुरुवारी रात्री पाऊस कोसळत होता आणि दोनच्या सुमाराला पणजीच्या ऑफिसची लीज्ड लाईन गेली. फक्त सात मिनिटं. पण एपीचा हार्टबीट, म्हणजे कंट्रोलर जिवंत आहे का ही विचारणा, डिफॉल्टला ३० सेकंदांचा असतो, सात मिनिटं म्हणजे त्यांच्या हिशोबाने युग झालं. सगळ्यांनी मडगावकडे उडी मारली, जे करायलाच आपण त्यांना शिकवलंय. पण मडगाव अजून १७.३ वर. एपीचं आणि कंट्रोलरचं व्हर्जन एक लागतं, त्यामुळे ते मडगावशी जुळवून घ्यायला परत मागे जायला लागले, कोणी इमेज उतरवतोय, कोणी रीबूट होतोय. तेवढ्यात पणजी परत आली. फॉलबॅक चालू होता, त्यामुळे जे मडगावला लागले होते ते परत आपल्या पहिल्या कंट्रोलरकडे पळाले, तिथे व्हर्जन वेगळं, परत रीबूट. आणि पाळोळ्याची लाईन सगळ्यात बारीक, तिथे चोवीस एपी एकदम इमेज मागायला लागल्यावर त्या लाईनवर दुसरं काही चालेना, बुकिंगची सिस्टीम पण अडकली.

पाळोळ्याच्या नाईट मॅनेजरने मला व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ पाठवला, तो मी अजून डिलीट केलेला नाही. लांब कॉरिडॉर, बाहेर पावसाचा आवाज, आणि छतावर एका मागोमाग एक एपीचे दिवे, हिरवा, लाल, बंद, परत हिरवा, लाल. हा रंग बदलत राहणं म्हणजे एपी कंट्रोलर शोधतोय. मागून त्याचा आवाज, "सर, हे कधी थांबतलें?" मी गाडी काढायचा विचार केला पण घाटात पाणी होतं, आणि जाऊन तरी काय करणार होतो. मडगावच्या एपी जॉइन प्रोफाइलमध्ये फॉलबॅक बंद केला, सगळ्यांना जिथे आहेत तिथे टिकू दिलं, सकाळी सहाला ते शांत झाले. नऊ खोल्यांनी तक्रार लिहिली. त्यांची काही चूक नव्हती.

चूक क्रमात होती. दोन ठिकाणच्या दोन कंट्रोलरमध्ये वेगळं व्हर्जन असण्याचा काळ हाच सगळ्यात धोक्याचा काळ, आणि आम्ही तो मुद्दाम एक आठवड्याचा केला होता. आमच्या पार्टनरकडच्या मॅडमनी दुसऱ्या दिवशी नीट कागदावर काढून दाखवलं आणि पणजी परत १७.३ वर नेऊन तेच काम आम्ही दहा दिवसांनी केलं, उलट्या बाजूने. आधी ज्याच्यावर एकही एपी नाही तो कंट्रोलर, म्हणजे मडगाव, नव्या व्हर्जनवर न्यायचा. त्यावेळी एपींवरून सेकंडरीचं नाव तेवढ्यापुरतं काढून ठेवायचं, म्हणजे लाईन गेली तरी ते उडी मारत नाहीत, आहेत तिथेच स्टँडअलोन, म्हणजे कंट्रोलरशिवाय, राहतात. मग नवीन इमेज सगळ्या एपींवर आधीच उतरवून ठेवायची, याला प्रीडाउनलोड म्हणतात, एपी जुन्याच इमेजवर काम करत राहतो आणि नवी मागच्या कप्प्यात पडून असते. आणि मग रोलिंग अपग्रेड, कंट्रोलर स्वतः एपींचे गट पाडतो आणि गटागटाने नव्या कंट्रोलरकडे पाठवतो. एका फेरीत ५, १५ की २५ टक्के हे आपण निवडतो. आणि सगळ्यात छान भाग हा की कोण कोणाच्या शेजारी आहे हे त्याला रेडिओवरून माहीत असतं, म्हणून शेजारशेजारचे दोन एपी तो एकदम खाली घेत नाही. कॉरिडॉरमधला एक बंद झाला की शेजारचा त्या खोलीला सांभाळून घेतो. सगळे मडगावला गेल्यावर रिकामी झालेली पणजी वर न्यायची आणि एपी परत आणायचे.

हे फीचर बघून मला खरंच या बॉक्सबद्दल आदर वाटला. जुन्या ५५०८ वर हेच काम आम्ही हाताने एक्सेलशीट घेऊन करायचो, कुठला एपी आधी रीबूट करायचा त्याचे रंग भरून.

कंट्रोलरवर इमेज टाकताना एक लक्षात ठेवा, बॉक्स इन्स्टॉल मोडमध्ये असला पाहिजे, बंडल मोडमध्ये असेल तर आधी तो बदला. पायऱ्या तीन, ॲड, ॲक्टिव्हेट, कमिट. ॲक्टिव्हेट केल्यावर सगळं नव्या व्हर्जनवर दिसतं आणि माणूस खूश होऊन झोपायला जातो, पण कमिट केलं नाही तर डिफॉल्टला सहा तासांनी बॉक्स आपोआप जुन्यावर परत जातो. हे मुळात आपल्या भल्यासाठीच आहे, नव्या व्हर्जनवर कनेक्शनच गेलं तर दूरच्या साइटवर कोणी न जाता तो स्वतः मागे येतो. मडगावला मला त्याचा आधारच वाटला. फक्त फोनमध्ये अलार्म लावून ठेवा.

आता लाईनचा हिशोब, कारण माझ्या मते डाउनटाइम ठरवायचा तो सगळ्यात हळू साइटच्या हिशोबाने. आकडा धरून चाला की एक इमेज ६० एमबी. पाळोळ्याला २४ एपी, म्हणजे १,४४० एमबी. लाईन कागदावर १० एमबीपीएसची, पण बुकिंग, सीसीटीव्ही, बिलिंग सगळं वजा जाता पावसाळ्यात हाताला ४ येतात. बिटमध्ये करून भागा, ४८ मिनिटं, आणि ती सुद्धा मध्ये एकदाही लाईन तुटली नाही तर. तुटली की मोडलेलं डाउनलोड परत. आता इथे फ्लेक्सकनेक्टचं (एपीचा असा मोड ज्यात डेटा साइटवरूनच बाहेर जातो) एफिशियंट अपग्रेड चालू केलं की एका साइटवरच्या एका मॉडेलचा एकच एपी कंट्रोलरकडून इमेज उतरवतो आणि बाकीचे त्याच्याकडून घेतात, हॉटेलच्या आतल्या आत, लॅनवर. पाळोळ्याला दोन मॉडेल आहेत, २८०२ आणि ९११५. म्हणजे लाईनवरून फक्त दोन इमेज, १२० एमबी, चार मिनिटं. अठ्ठेचाळीसची चार झाली, लाईन तीच, पैसे तेच. त्यामुळे लाईनवाल्याकडे स्पीड वाढवून मागायच्या आधी हे सेटिंग बघा. त्यासाठी त्या साइटच्या सगळ्या एपींना एकच साइट टॅग पाहिजे, डिफॉल्ट साइट टॅगवर सोडू नका, त्यात फास्ट रोमिंगच्या किल्ल्या पण वाटल्या जात नाहीत.

या टॅगबद्दल थोडं. ज्यांचा हात जुन्या एपी ग्रुप आणि फ्लेक्स ग्रुपवर बसलाय त्यांना ९८०० चे पॉलिसी टॅग, साइट टॅग, आरएफ टॅग पहिल्या आठवड्यात गोंधळाचे वाटतील. मला वाटले. मी एका पुठ्ठ्यावर तीन रंगांत काढलं, पॉलिसी टॅग म्हणजे इथे कुठली वायफायची नावं दिसणार, साइट टॅग म्हणजे हा एपी कुठल्या हॉटेलचा, आरएफ टॅग म्हणजे रेडिओ किती जोरात बोलणार. तो पुठ्ठा माझ्या टेबलाजवळ आहे. एकदा बसलं की मग जुन्यापेक्षा सरळ वाटतं, कारण नवीन हॉटेल आलं तर फक्त एक नवीन साइट टॅग करायचा.

फ्लेक्सकनेक्ट मोड नसता तर आमचं काम झालंच नसतं. गेस्टचा डेटा हॉटेलच्या स्वतःच्या लाईनवरून सरळ बाहेर जातो, पणजीपर्यंत येत नाही. कंट्रोलर दिसेनासा झाला तरी पासवर्डवालं नेटवर्क चालू राहतं, नवीन माणूस पण जोडला जातो कारण किल्ली एपीकडे असते. पण जे सेंट्रल लॉगिनवर आहे, म्हणजे आमचं गेस्ट पोर्टल, ते नवीन गेस्टसाठी थांबतं. हे रिसेप्शनला आधी सांगितलं पाहिजे. आम्ही प्रत्येक हॉटेलला लाईन गेली की वापरायचं एक वेगळं पासवर्डवालं नेटवर्क करून दिलंय, पासवर्ड रिसेप्शनच्या ड्रॉवरमध्ये बंद पाकिटात, आणि वापरला की दुसऱ्या दिवशी बदलायचा.

वेळेबद्दल पण आमचा समज चुकीचा निघाला. सगळे म्हणतात रात्री तीन वाजता करा. हॉटेलात रात्री तीनला गेस्ट खोलीत असतो, झोप येत नाही म्हणून फोन बघत असतो, आणि मोरजीला तर चार वाजल्यापासून मोपाची सकाळची फ्लाइट पकडणारे बॅगा घेऊन रिसेप्शनला कॅब शोधत असतात, त्यांना तेव्हाच वायफाय पाहिजे. खोल्या खरोखर रिकाम्या असतात त्या चेकआउट ते चेकइनच्या मध्ये, दुपारी बारा ते दोन. आम्ही दुसऱ्या वेळी खोल्यांचे एपी दुपारी केले. अडचण एकच, त्या वेळेला रेस्टॉरंटमध्ये जेवणाची गर्दी आणि वेटरकडे ऑर्डर घ्यायचे टॅबलेट. त्या दोन तासांपुरती जुनी केओटीची (किचनला द्यायच्या ऑर्डरची) पॅड काढून दिली, कोलव्याचे आमचे जुने कॅप्टन काका तर म्हणाले की हेच बरं होतं. रेस्टॉरंटचे एपी शेवटच्या फेरीत ठेवले, साडेतीनला, तेव्हा किचन बंद.

आता एपी आणि वायरिंग, कारण कंट्रोलर कितीही चांगला असला तरी समुद्राकाठी शेवटी कनेक्टर जिंकतो. पाळोळ्याच्या बागेतला एक एपी अपग्रेडनंतर परत आलाच नाही. सगळ्यांना वाटलं इमेज बिघडली. मी खाली उतरवून प्लग काढला तर आठपैकी तीन पिनांवर हिरवट थर, नखाने खरवडला तर पावडर निघाली. खारी हवा. चालू असताना तो कसाबसा टिकून होता, रीबूटला पॉवरचं बोलणं नव्याने झालं आणि तो उठलाच नाही. तेव्हापासून अपग्रेडच्या आधी बाहेरच्या प्रत्येक एपीचा प्लग काढून बघतो, बदलायचा असेल तर आधीच बदलतो. ९११५ ला पूर्ण ताकदीने चालायला ८०२.३एटीचा (केबलमधून जास्त वीज देणारा) स्विच लागतो, जुन्या एएफ स्विचवर तो चालतो पण हात बांधून, हे पण एपीच्या यादीत एका रकान्यात लिहा. आणि फोंताइन्हासच्या घराचं वेगळंच, चिऱ्याच्या जाड भिंती, ५ गिगाहर्ट्झ एका खोलीतून शेजारच्या खोलीत जाता जात नाही. तिथे रोलिंग अपग्रेडमध्ये शेजारचा सांभाळून घेईल हे गृहीत धरता येत नाही, कारण शेजाऱ्याला तो ऐकूच येत नाही. तिथे आम्ही सरळ रिकाम्या दिवशी सगळे एकदम केले.

ज्या लोकल पार्टनरकडून काम करून घेतलं त्यांच्याबद्दल. नाव लिहित नाही. चांगलं आधी, त्यांच्या मॅडम जुलैच्या त्या रात्रीनंतर दुसऱ्याच दिवशी मडगावला आल्या, दोष कोणाचा यावर एक शब्द न बोलता क्रम परत लिहून दिला आणि दुसऱ्या वेळी पूर्ण वेळ लाईनवर होत्या. त्यांच्याकडे फोनवर माणूस मराठीत, कोकणीत बोलतो, पाळोळ्याच्या नाईट मॅनेजरला पण समजावून सांगतात, याची किंमत मला रात्री कळते. वाईट हे की पहिल्या वेळचा प्लॅन मी पाठवला होता तेव्हा त्यांनी वाचून ओके लिहून परत पाठवला. तेव्हाच कोणी म्हणायला पाहिजे होतं की मध्ये आठवड्याचं अंतर ठेवू नका. कोटेशनमध्ये लायसन्सच्या वर्षांचा हिशोब पण मला विचारून घ्यावा लागला, सबस्क्रिप्शन लायसन्स एपीमागे असतं, १३६ गुणिले वर्षं, ती रक्कम बॉक्सच्या किमतीच्या शेजारी पहिल्याच पानावर दिसली पाहिजे.

लीज्ड लाईनवाल्यांनी सात मिनिटांचं कारण अजून दिलेलं नाही. तिकीट बंद करून टाकलं.

कंट्रोलरला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. दोन चार साइट, प्रत्येकी पाच दहा एपी असं असेल तर एवढं घेऊ नका, तिथे एपीमध्येच कंट्रोलर असलेलं साधं काहीतरी पुरतं. पण साइट लांब, लाईन बारीक, आणि ग्राहक चोवीस तास खोलीत असं असेल तर प्रीडाउनलोड, एफिशियंट अपग्रेड आणि रोलिंग या तीन गोष्टींसाठी पैसे वसूल आहेत. पार्टनरला साडेतीन, पुढच्या वेळी प्लॅन नीट वाचला तर चार.

दुसऱ्या वेळेला पाळोळ्याचे रेस्टॉरंट सोडून बाकीचे एपी दुपारी बारा वीसला सुरू होऊन एक पन्नासला मडगावला लागलेले होते, बाहेर पाऊस तसाच होता, मध्ये एकदा लाईट पण गेली आणि यूपीएसवर निघालं. एकही तक्रार नाही. नाईट मॅनेजरने दिवसा येऊन स्वतः बघितलं. आता त्या रॅकच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय, प्लॅस्टिकच्या पिशवीत, कारण दमट हवेने शाई पसरते. मराठीत लिहिलाय. आधी मडगाव. सेकंडरी काढली का. इमेज सगळ्यांवर उतरली का, मोजा, २४. मग फेऱ्या. मग पणजी. सेकंडरी परत घातली का. कमिट केलं का. खाली दोन फोन नंबर, आणि त्याच्याखाली नाईट मॅनेजरने स्वतःच्या अक्षरात भर घातलीय, बागेतल्या एपीचा प्लग पयलीं बघप.